लघवी थांबत नाही, यात बाईचा काय गुन्हा?

मंडळी, आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही असं मानतात. ज्यांना अवघड वाटेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं, मला राग येणार नाही. पण माझ्या भाच्या, पुतण्या, सुना आणि त्यांचे नवरेही हे वाचतात हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

विषय आहे बायकांची लघवी सुटण्याचा. खोकलं की थेंब, शिंकलं की थेंब, पाण्याची घागर उचलली की थेंब. काहींना एकदम कळ येते आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत लुगडं ओलं होतं. जगभरच्या पाहण्या सांगतात की दर तीन-चार प्रौढ बायकांमागे एकीला हा त्रास आयुष्यात कधी ना कधी होतो. म्हणजे हळदीकुंकवाला वीस जणी जमल्या तर त्यात चार-पाच जणी सहज असणार. आणि बोलणारी? एकही नाही.

मी आयुष्यभर मराठी शिकवली, त्यामुळे माझं लक्ष आधी शब्दाकडे जातं. या त्रासाला आपल्याकडे धड शब्दच नाही. 'लघवी' म्हणायची लाज, दुसरा जो शब्द आहे तो शिवीसारखा वापरतात, म्हणून मग 'जाऊन येते', 'एक नंबर', 'कपडा खराब होते' असं आडून आडून बोलायचं. पुस्तकी भाषेत एक शब्द आहे, 'मूत्र-असंयम'. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रागच आला! संयम हा आपल्याकडे सद्गुण. शाळेच्या भिंतीवर सुविचार म्हणून लिहितात तो. मग असंयम म्हणजे काय, तर दुर्गुण. खोकला आवरला नाही तर त्याला कोणी असंयम म्हणत नाही, मोतीबिंदू झाला म्हणजे डोळ्यांचा असंयम झाला असं कोणी म्हणत नाही. पण बाईचे स्नायू सैल पडले की तिचा संयम सुटला! शब्दच असा की रोग्याला आरोपी करून टाकतो. आणि आपल्या बाया तो शब्द न वाचताही तसंच समजतात. आपलंच काही चुकलं, आपणच गलिच्छ, असं.

आता आपल्या जिल्ह्यांची गोष्ट सांगते. बाहेरच्या लोकांना गडचिरोली म्हटलं की जंगल आणि नक्षलवाद एवढंच आठवतं. पण बायकांच्या न बोललेल्या दुखण्यांबद्दल जगाला पहिल्यांदा जागं केलं ते याच गडचिरोलीनं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे वसा आणि अमिर्झा या दोन गावांत पाहणी केली आणि ती १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ६५० बायकांची तपासणी झाली होती. त्यातल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. एकेका बाईमागे सरासरी ३.६ आजार. आणि या बायांपैकी आधी कधी अशी तपासणी झालेल्या किती, तर फक्त ८ टक्के! त्या काळी सरकारी दवाखान्यात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. त्यापलीकडे बाईला शरीर असतं हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती पाहणी लघवीच्या त्रासावर नव्हती, हे मला माहीत आहे. पण मी त्यातून घेते ती गोष्ट वेगळी आहे. दुखणं गावात होतंच. ते कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कागदावर नव्हतं. विचारणारी बाई भेटली, ऐकून घेणारी भेटली, तेव्हा बाया बोलल्या. राणीताईंच्या मराठी पुस्तकाचं नावच 'कानोसा' आहे. किती नेमका शब्द! आता पस्तीसेक वर्षं उलटून गेली. पांढऱ्या पाण्याबद्दल, पाळीबद्दल पोरी थोडंफार बोलू लागल्या. पण या एका त्रासाचा कानोसा अजून कोणी घेतलेला नाही. घरातही नाही.

का होतं हे? जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते. बाळंतपणं जास्त झाली, कळा फार वेळ लांबल्या, मूल वजनदार असलं की ती आणखी सैल पडते. पाळी गेल्यावर शरीरातला एक अंतःस्राव कमी होतो आणि तिथली कातडी नि पेशी पातळ होतात. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन, मधुमेह यांची भर पडते. खोकताना-उचलताना थेंब गळतो तो या सैल झोळीमुळे. एकदम घाई होऊन सुटते ती मूत्राशय भलत्या वेळी आकुंचन पावतो म्हणून. कित्येकींना दोन्ही मिळून असतं.

आता आपल्याकडच्या बाईचा दिवस डोळ्यापुढे आणा. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीत चिखलात वाकून पऱ्हे लावायचे. उन्हाळ्यात पहाटे मोहफूल, मग तेंदूपत्ता. डोक्यावर सरपणाची मोळी. चुलीच्या धुरानं जडलेला खोकला. बाळंत होऊन महिना-सव्वा महिना होत नाही तो पुन्हा डोक्यावर गुंड. त्या झोळीला सावरायला वेळ कोणी दिला? अंग बाहेर येणं हा आजार आपल्या खेड्यांत सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, आणि त्याच्या जोडीला बहुतेकदा हा लघवीचा त्रास असतोच. तरी म्हणायचं काय, तर बाई नाजूक!

शिकलेल्यांचं वेगळं नाही. मी नोकरीला लागले त्या काळात खेड्यातल्या कितीतरी शाळांत बाईमाणसाला जायला आडोसासुद्धा नव्हता. अकरा ते पाच आम्ही पाणीच प्यायचो नाही. शाळेतल्या मुलीही तेच शिकल्या. पाठ्यपुस्तकात नसलेला हा धडा आम्ही न शिकवता शिकवला असं म्हणा. लघवी तासन्‌तास दाबून ठेवण्याची सवय चांगली नाही, त्यानं जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल.

आणि इथेच आपल्या मुलखाची खरी गोम आहे. त्रास असलेली बाई पहिला उपाय काय करते? पाणी तोडते. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. अशा उन्हात लग्नाला जायचं, एसटीनं जायचं, म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. चक्कर आली तर म्हणायचं ऊन लागलं. ऊन तर लागलंच, पण पाणी का तोडलं होतं हे कोणी विचारत नाही. शिवाय पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, आग होते, मूत्राशय आणखी चिडतं, घाई आणखी वाढते. म्हणजे ज्याला उपाय समजलं तोच त्रास वाढवतो. त्यातून मुतखडा, जंतुसंसर्ग. ही नुसती लाजेची गोष्ट राहत नाही मग, जिवाशी येते.

दुसरं, बाई घराबाहेर पडणं बंद करते. आपल्याकडे दिवाळीपासून मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा परिसरातली नाटकं म्हणजे रात्री सुरू झालेली पहाटेपर्यंत चालणार. ऐन रंगात आलेल्या नाटकातून पन्नास माणसांचे पाय ओलांडत उठायचं कसं? माझ्या माहितीतली एक बाई, नाटकाचं भयंकर वेड. पदं तोंडपाठ! गेली सहा-सात वर्षं ती नाटकाला गेलेली नाही. घरी सांगते गुडघे दुखतात. मार्कंड्याची जत्रा सुटली, महाकालीची यात्रा सुटली, देवळात आरतीला उभं राहणं सुटलं. कपडा ओला म्हणजे विटाळ, ही एक आपली आणखी समजूत. म्हणून देवघरसुद्धा सुनेच्या हवाली. लोक म्हणतात, सासूबाई आता निवृत्त झाल्या, वैराग्य आलं. कसलं वैराग्य? आसनावर डाग पडेल ही भीती आहे ती.

एसटीचंच पाहा. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला. फार चांगलं झालं. पण सिरोंचाहून गडचिरोलीला यायचं म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर. मधल्या थांब्यावर बाईला वापरता येईल असं, पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर ते स्वस्त तिकीट या बाईच्या काय कामाचं? मुंबईत २०११ साली बायकांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम काढली, तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली होती! पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'नं उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१५ च्या डिसेंबरात न्यायालयानं महापालिकांना बायकांच्या स्वच्छतागृहांची सोय करायला बजावलं. पण ते झालं महापालिकांच्या शहरांपुरतं. आठवडी बाजाराच्या गावाला महापालिका कुठून आणायची?

तिसरी गोष्ट लिहायला मलाही जड जाते, पण लिहिते. नवराबायको. ज्या बाईला रात्री तीनदा उठावं लागतं, अंथरूण ओलं होईल अशी धास्ती असते, वास येईल अशी शंका असते, ती हळूच आपलं अंथरूण वेगळं करते. जवळ येण्याच्या वेळीही लघवी सुटू शकते, हे कित्येकींच्या बाबतीत होतं. ती कारण सांगत नाही. नवऱ्याला वाटतं हिला आता मी नकोसा झालो. तो रुसतो, चिडतो, नाहीतर गप्प होतो. वर्षानुवर्षं एका छपराखाली दोन माणसं परकी होऊन राहतात आणि दोघांनाही कारण चुकीचं ठाऊक! एका ओळखीच्या बाईंना मी विचारलं, यजमानांना सांगितलं का हो कधी? तर म्हणाल्या, "कायले सांगू माय? त्याले किळस यील." पन्नास वर्षांच्या संसारात ज्या माणसाचं आजारपण, उलट्या, जखमा त्यांनी स्वतः धुतल्या होत्या, त्याला आपली किळस येईल असं त्यांना वाटत होतं. मला या वाक्याचा जितका त्रास झाला तितका त्या दुखण्याच्या वर्णनाचाही झाला नाही.

सुनेचंही तसंच. सासू आपली लुगडी पहाटे अंधारात स्वतः धुते, सुनेला वाटतं माझ्या हातचं चालत नाही. नातवाला मांडीवर घेत नाही, सुनेला वाटतं लळा नाही. मुलगी माहेरपणाला बोलावते, आई जात नाही, मुलीला वाटतं आई दुरावली. एक न बोललेली गोष्ट किती नात्यांत खडा टाकते पाहा.

आता कोणी म्हणेल, बाई, आपल्या जिल्ह्यांत हिवताप आहे, सिकलसेल आहे, कुपोषण आहे, वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. त्यात हे काय थेंब-थेंब घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. जीव जाणारे आजार आधी, हे मलाही मान्य. पण दोन गोष्टी आहेत. एक, या त्रासाच्या पहिल्या उपायाला ना मशीन लागतं, ना पैसा, ना मोठा दवाखाना. ज्याला फक्त माहिती लागते ते थांबवून ठेवायचं कारण काय? आणि दुसरं, नुसतं जिवंत राहणं म्हणजे जगणं का? माणसांत बसणं, हसणं, गाडीत चढणं, नवऱ्याशेजारी निर्धास्त झोपणं, यालाही जगणंच म्हणतात ना? पुरुषाला नाटकाला जाता आलं नसतं तर ती गावाची समस्या झाली असती, एवढं मात्र मी पैजेवर सांगते.

उपाय आहेत, आणि म्हणूनच मी हे लिहिते आहे. अमेरिकेतल्या आर्नोल्ड केगल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं. आजही डॉक्टर आधी तोच सांगतात. वारा किंवा लघवी रोखताना आपण जे स्नायू आत ओढतो, तेच ओढायचे. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करायचा नाही. तांदूळ निवडताना, एसटीत बसल्या बसल्या, जप करताना करता येतो, कोणाला पत्ताही लागत नाही! पण धीर हवा. तीन महिने नेमानं करावं तेव्हा फरक कळतो. मी सत्तरीनंतर सुरू केला. खोकल्यावर होणारा माझा त्रास पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला नाही. आता मी लग्नात पंगतीला निवांत बसते. मला तेवढं पुरे आहे.

ज्यांना घाई होते त्यांनी घड्याळ लावून जायची सवय करावी, मग दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवावं. चहा कमी करावा, पाणी नव्हे. बद्धकोष्ठ आणि खोकला यांचा इलाज करावा, साखर तपासावी. एवढ्यानं भागलं नाही तर औषधं आहेत, अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची कडी असते, शस्त्रक्रिया असतात. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्राम आहे, नागपूर आहे. लघवीतून रक्त येत असेल, दुखत असेल, त्रास एकाएकी सुरू झाला असेल किंवा पायांत बधिरपणा असेल तर मात्र घरी थांबायचं नाही. आणि अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस सतत गळत असेल, तर ते वेगळंच असू शकतं. मूत्राशयाला भोक पडलेलं असतं, त्याला फिस्टुला म्हणतात. तो व्यायामानं बरा होत नाही, शस्त्रक्रिया लागते आणि ती बहुतेकदा यशस्वी होते. अशा बायांना नवऱ्यांनी टाकल्याच्या गोष्टी जगभर आहेत. २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्यासाठी ठेवला आहे.

डॉक्टर मंडळींना एक विनंती. "आजी, वय झालं, आता हे चालायचंच" हे वाक्य कृपा करून सोडा. एका दवाखान्यात माझ्या सोबतच्या बाईला हेच ऐकवलं गेलं. ती बाई कितीतरी वर्षं मनाची तयारी करून, उसनं अवसान आणून तिथे गेली होती. एका वाक्यात तिचं तोंड कायमचं बंद झालं. वयाबरोबर त्रास वाढतो हे खरं, पण वयाबरोबर मोतीबिंदूही वाढतो. त्याला कोणी चालायचंच म्हणत नाही, शिबिरं भरवतात!

आशाताईंना माझं सांगणं, तुमच्या पाठीवर आधीच कामाचं केवढं ओझं आहे ते मी जाणते. पण चाळिशीपुढच्या बाईशी बोलताना एक प्रश्न जोडा. "खोकताना, उचलताना कपडा ओला होतो का?" एवढाच. बाळंतिणीला व्यायाम तेव्हाच शिकवा, म्हणजे पुढची वीस-तीस वर्षं वाचतील.

आणि माझ्या घरच्यांनो, तुमच्यासाठी तर अगदी साधं काम आहे. आई किंवा सासू लग्नाला येत नाही म्हणाली तर लगेच "बरं" म्हणू नका. गाडीनं जाताना तिनं मागायच्या आधी दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा, आणि सगळेच उतरा, म्हणजे ती एकटी उतरली असं दिसणार नाही. म्हातारीची खाट मोरीजवळ हलवा, वाटेत रात्री दिवा राहू द्या. मेडिकलमधून पॅड आणायचे असतील तर मुलांनी आणावेत, त्यात काही कमीपणा नाही. नवऱ्यांनो, तुमच्या बायकोनं अंथरूण वेगळं केलं असेल तर रुसण्याआधी एकदा प्रेमानं विचारा. उत्तर कदाचित तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार वेगळं निघेल.

बायांनो, तुम्हीही एकीला तरी सांगा. बहिणीला, मैत्रिणीला, मुलीला. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे. पण बहुतेक वेळा समोरचीही हळूच म्हणते, "अवो, मलेही होते."

शब्दाचं म्हणाल तर मी 'असंयम' वापरणं सोडून दिलं आहे. सरळ 'लघवी सुटणे' म्हणते. दात दुखतो म्हणतो तसं, घसा बसला म्हणतो तसं. तुम्हाला याहून चांगला मराठी शब्द सुचला तर जरूर कळवा. नाहीच सुचला तरी हरकत नाही. बोलायला हा पुरेसा आहे.